जुन्या विनोदी सिनेमातला भाबडा नायक नक्की करतो काय?

'श्री ४२०' (१९५५) मधला राज अलाहाबादहून पायपीट करत मुंबईत येतो आणि भर रस्त्यात डोकं खाली, पाय वर करून उभा राहतो. हवालदार हटकतो, तेव्हा त्याचं उत्तर तयार असतं: या उलट्या दुनियेला सरळ बघायचं तर डोक्यावरच उभं राहावं लागतं. हशा पिकतो, गोष्ट पुढे सरकते. या एका उत्तरात एका अख्ख्या सिनेपरंपरेची युक्ती सांगून झालेली असते, आणि ती सांगितली जातेय हे आपल्या लक्षातही येत नाही.

परंपरा कुठली, तर साध्यासुध्या, खिसा रिकामा पण मन नितळ असलेल्या नायकाची. तो लबाडांच्या गर्दीत सापडतो, आपण त्याच्या फजितीवर दोन-अडीच तास हसतो, आणि थिएटरबाहेर पडताना डोक्यात काहीतरी घेऊन निघतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात फ्रँक कॅप्राने हा साचा पक्का केला. मुंबईत पन्नासच्या दशकात राज कपूर आणि ख्वाजा अहमद अब्बास यांनी, सत्तरच्या दशकात हृषीकेश मुखर्जी आणि बासू चटर्जींनी तो आपापल्या परीने घडवला. मराठीत पु. ल. देशपांड्यांपासून दादा कोंडक्यांपर्यंत त्याची वेगळीच वंशावळ आहे.

या सिनेमांबद्दल बोलताना आपण 'निखळ करमणूक' आणि 'सुंदर संदेश' हे दोन शब्द टाकून मोकळे होतो. जणू पावणेदोन तास करमणूक आणि शेवटची पंधरा मिनिटं संदेश, अशी वाटणी असते. माझं म्हणणं असं की शेवटचं भाषण कात्रीने कापून टाकलं तरी यातल्या चांगल्या सिनेमांचा संदेश जागेवरच राहतो. कारण तो हसण्यात असतो. आपण कुणाला हसतोय, आणि ते हसू मधेच कसं तोंड फिरवतं, यात असतो.

एक प्रसंग जवळून बघू. कॅप्राच्या 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन' (१९३६) चा नायक लाँगफेलो डीड्स छोट्या गावात राहतो. ग्रीटिंग कार्डांवर कविता लिहितो आणि ट्यूबा नावाचा अजस्र भोंगा फुंकतो. अचानक त्याला वारशाने २ कोटी डॉलर मिळतात. न्यूयॉर्कला आल्यावर वकील, कवी, पत्रकार सगळे त्याची यथेच्छ टिंगल करतात. आपणही करतो, कारण हा माणूस रात्री घोड्याला डोनट खाऊ घालतो. मग एक भुकेला शेतकरी पिस्तूल घेऊन घरात घुसतो आणि त्याला त्याच डोनटांवरून सुनावतो: माणसं उपाशी आणि तू घोड्याला खायला घालतोस? त्या क्षणी आपलं हसू घशात अडकतं. मघाशी ज्याला हसलो, तोच आता आरोप होऊन समोर उभा.

डीड्स ठरवतो की पैसे वाटून टाकायचे: बेघर झालेल्या शेतकऱ्यांना दहा-दहा एकर जमीन, एक घोडा, एक गाय आणि बियाणं. झालं! वकील त्याला वेडा ठरवण्यासाठी कोर्टात खेचतो. गावाकडच्या दोन म्हाताऱ्या बहिणी साक्षीला येतात आणि सांगतात की हो, याच्या डोक्यात जरा भुताटकी आहे. तोवर गप्प बसलेला डीड्स शेवटी त्यांना विचारतो, आमच्या गावात आणखी कुणाच्या डोक्यात भुताटकी आहे? बहिणी म्हणतात, अहो सगळ्यांच्याच, आम्ही दोघी सोडून. मग तो कोर्टभर नजर फिरवतो. विचार करताना मी ट्यूबा वाजवतो हे जर वेड असेल, तर न्यायाधीशसाहेब समोरच्या कागदावरची गोल अक्षरं पेन्सिलने भरत बसलेत त्याचं काय? आणि मला वेडा ठरवणारे हे डॉक्टर कागदावर चित्रविचित्र रेघोट्या ओढतायत, त्याचं? आता अख्खं कोर्ट हसतं, पण ज्याला हसण्यासाठी जमलं होतं त्याला सोडून बाकी सगळ्यांना.

यंत्र हे एवढंच आहे. पहिल्या अर्ध्या भागात नायक विचित्र दिसतो, कारण तो बाकीच्यांसारखा वागत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागात कळतं की बाकीच्यांचं वागणं जास्त विचित्र आहे, फक्त सगळेच तसे वागतात म्हणून ते खपून जातं. दिग्दर्शक आपल्याला आधी शहाण्यांच्या बाजूला बसवतो, मग तीच बाजू हास्यास्पद करून टाकतो. आपण आपणहोऊन उठून नायकाच्या बाजूला जाऊन बसतो. 'तू चुकतोयस' असं कुणी सांगितलं असतं तर आपण वाद घातला असता. इथे वाद घालायला समोर कुणी नसतंच.

दुसरी गोष्ट, हा नायक मठ्ठ नसतो. इथे बरेच नकलाकार फसतात. तो फक्त शब्दांचा जो अर्थ आहे तोच धरतो. 'आम्ही जनतेची सेवा करतो' असं कुणी म्हटलं की तो खरंच सेवा शोधायला लागतो. 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' (१९३९) मधला जेफरसन स्मिथ सिनेटर होतो आणि पुस्तकातली लोकशाही सिनेटमध्ये सापडेल असं धरून चालतो. बाकीच्यांना माहीत असतं की ती पुस्तकातच ठेवायची असते. विनोद त्या दोन समजुतींमधल्या फटीतून येतो, आणि संदेशही तिथूनच. वॉशिंग्टनमध्ये या सिनेमाचा खेळ झाला तेव्हा काही खऱ्या सिनेटरांना तो भलताच झोंबला. नुसत्या बाळबोध उपदेशाने राजकारणी एवढे चिडत नाहीत.

कॅप्रा स्वतः सिसिलीत जन्मलेला, १९०३ मध्ये लहानपणीच आईबापांसोबत अमेरिकेत आलेला. मंदीच्या काळात, बँका बुडालेल्या आणि लोक रांगेत उभे राहून फुकटचं सूप पीत असताना त्याने हे सिनेमे केले. त्याच सुमाराला, १९३४ पासून, हॉलिवूडमध्ये आचारसंहिता कडक झाली होती: गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, पापाचा विजय दिसता कामा नये. म्हणजे नीती वरूनही लादली जात होती. गंमत अशी की त्याच कॅप्राच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) मध्ये खलनायक पॉटर नायकाचे ८,००० डॉलर लंपास करतो आणि त्याचं कोणीही काहीही वाकडं करत नाही. पैसे सुखाने पचतात.

आपल्याकडे हे आधीपासून होतं

राज कपूर म्हणजे चॅप्लिन अधिक कॅप्रा, असं म्हणून विषय संपवता येतो. तोकडी पँट, हॅट, चाल बघितली तर त्यात खोटंही नाही. तरी मराठी प्रेक्षकाला हसवत हसवत चिमटा काढणारा माणूस ओळखायला हॉलिवूडची गरज कधीच नव्हती. सोळाव्या शतकातल्या एकनाथांचं 'विंचू चावला' हे भारूड घ्या. विंचू चावलेला माणूस नाचतो, ओरडतो, लोक पोट धरून हसतात, आणि मग कळतं की विंचू काम-क्रोधाचा आहे आणि चावलाय तो हसणाऱ्यालाच. डीड्सच्या कोर्टात हसू फिरतं तसंच.

तमाशातला सोंगाड्या हेच काम राजासमोर करतो. बतावणीत, वगात तो हुकूम ऐकतो आणि त्याचा शब्दशः अर्थ लावून हुकमाची पार वाट लावतो. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' दादा कोंडक्यांनी गाजवलं ते याच बळावर. नायगाव-लालबागच्या चाळींत वाढलेल्या, अपना बाजारात नोकरी केलेल्या दादांनी तोच माणूस १९७१ मध्ये 'सोंगाड्या'त पडद्यावर आणला. ढगळ हाफ पँटीची लोंबणारी नाडी, आयेचा धाक, तमाशाचं वेड आणि कपटाचा पत्ता नसलेला नाम्या. त्याच्या द्वयर्थी बोलण्यावर नाकं मुरडली गेली, अजूनही मुरडली जातात. पण नीट बघा, त्या बोलण्यातला दुसरा अर्थ नाम्याला स्वतःला माहीत नसतो, तो प्रेक्षकाच्या मनात असतो. म्हणजे पुन्हा विंचू हसणाऱ्यालाच चावलेला. (एवढ्या भोळ्या माणसालाही दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळावी म्हणून शिवसेनेला मध्ये पडावं लागलं होतं, हा मुंबईचा स्वतःचा विनोद.)

पांढरपेशा मराठीत याच्याही आधी पु. ल. होते. 'गुळाचा गणपती' (१९५३) मध्ये कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि भाबड्या नाऱ्याची भूमिका, सगळं त्यांचंच. त्याच सिनेमात भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' आहे. फजितीच्या सिनेमात अभंग कसा काय शोभतो, असा प्रश्न आपल्यातल्या कुणालाही पडत नाही. भारुडाची सवय असलेल्या माणसाला तो पडायचाच नाही.

राजा परांजप्यांच्या 'लाखाची गोष्ट' (१९५२) मध्ये तर अट अशी की लाख रुपये ठरल्या मुदतीत उडवून दाखवायचे. पैसा कमवणं कठीण हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो खर्च करणंही सभ्य माणसाला जमत नाही, हे बघून लोक हसले.

मुंबईत प्रश्न एकच: जागा

कॅप्राचा नायक लोकशाहीसाठी भांडतो. मुंबईचा नायक आधी खोली शोधतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे आपल्याकडचा संदेश हवेत राहत नाही, भाड्याच्या पावतीपर्यंत येतो.

'श्री ४२०' पुन्हा बघा. राजकडे बी.ए.ची पदवी आहे आणि इमानदारीचं पदक आहे. मुंबईत आल्यावर ते पदक तो गहाण टाकतो. जिथे गहाण टाकतो तिथेच त्याला विद्या भेटते. जय भारत लाँड्रीत त्याला नोकरी लागते, राहायला फुटपाथ असतो, आणि ऊब द्यायला ललिता पवारांची केळेवाली गंगामाई. मग चौपाटीवरचा तो प्रसंग: एकीकडे शेठ सोनाचंद देशभक्तीचं भाषण ठोकतोय आणि दुसरीकडे राज भोंदू दंतमंजन विकतोय. गर्दी राजकडे. दोघंही थापाच विकतायत, फक्त एकाचा माल डबीत आहे. पुढे राज शेठचा भागीदार होतो आणि योजना काढतो ती कशाची? शंभर रुपयांत घर. फुटपाथवर झोपणारे सगळे आपली पै-पै घेऊन रांगेत उभे राहतात. लबाडीला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कुठे मिळेल हे अब्बास आणि त्यांचे सहलेखक व्ही. पी. साठे यांना नेमकं माहीत होतं. सत्तर वर्षांनी बिल्डरच्या ऑफिसबाहेर बुकिंगच्या पावत्या घेऊन उभे असलेले लोक बघितले की या प्रसंगाला हसायचं धाडस होत नाही.

(फसवणुकीचं कलम ४२० आता पुस्तकात उरलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तो गुन्हा कलम ३१८ मध्ये गेला. तरी 'काय तीनशे अठरा माणूस आहे!' असं कुणी म्हणायला लागेल असं वाटत नाही.)

राजा ठाकुरांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) मध्ये गोष्ट याहून छोटी आणि याहून अवघड: चाळीतल्या एवढ्याशा जागेत भरलेलं एकत्र कुटुंब, आणि नव्या जोडप्याला एकांत नाही. बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' (१९७२) केला. इथे खलनायकच नाही. सगळेच चांगले आहेत आणि तरी कुणालाही पाठ टेकायला नीट जागा नाही. हा कॅप्राला न सुचलेला प्रकार आहे: माणसं सज्जन असूनही घडणारी कुचंबणा.

भाषणाचं दुखणं

शेवटच्या भाषणावर मी एवढा घसरतो त्याचं कारण सांगतो. भाषण आलं की दिग्दर्शकाचा हसण्यावरचा विश्वास उडालेला असतो. 'श्री ४२०' च्या शेवटी राज जमलेल्या लोकांना समजावतो की गरिबीवर इलाज बेइमानी नसून मेहनत आहे. वाक्य चुकीचं नाही. पण चौपाटीवरच्या दोन भाषणांनी जे काम केलं, त्याच्या पाव कामही हे भाषण करत नाही. कॅप्राला 'मीट जॉन डो' (१९४१) संपवता संपेना, एकाहून जास्त शेवट चित्रित करावे लागले. नायकाने स्वतःला जनतेचा आवाज म्हणवून घेतलं की पुढे त्याचं करायचं काय, हा प्रश्न सुटतच नाही.

यावर सगळ्यात हुशार उत्तर शंभू मित्र आणि अमित मैत्र यांच्या 'जागते रहो' (१९५६) ने दिलं. त्यातलं शहर मुंबई नाही, कलकत्ता आहे, पण तो बघायलाच हवा. तहानलेला खेडूत पाणी प्यायला एका मोठ्या इमारतीत शिरतो. 'चोर चोर' अशी हाकाटी होते आणि रात्रभर तो या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात लपत फिरतो. प्रत्येक दारामागे एकेक सभ्य गृहस्थ स्वतःचा गुन्हा करण्यात गुंग. राज कपूरसारखा बडबड्या नट जवळजवळ पूर्ण सिनेमाभर तोंड उघडत नाही. शेवटी बोलतो तेव्हा ते ऐकायला आपणच आतुर झालेलो असतो, कारण त्याने रात्रभर जे बघितलं ते आपणही बघितलंय. भाषण करायचंच तर त्याआधी दीड-दोन तास गप्प बसायची तयारी हवी. आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनला हे पक्कं माहीत होतं. १९५१ पासून तो चौकड्यांचा कोट घालून रोज सगळं बघत राहिला, एक अक्षर न बोलता. वरळी सी-फेसवरचा त्याचा पुतळाही तसाच गप्प उभा आहे.

मिशी, ससा आणि कासव

सत्तरच्या दशकात नायकाला नोकरी लागली. तो फुटपाथवरून उठून ऑफिसात गेला, बसच्या रांगेत उभा राहिला आणि त्याचं नाव अमोल पालेकर झालं. संदेशही आकाराने लहान झाला. काही समीक्षकांना ही घसरण वाटते. मला नाही वाटत.

'गोलमाल' (१९७९) मध्ये उत्पल दत्त यांचा भवानीशंकर मानतो की ज्या तरुणाला मिशी नाही त्याचं चारित्र्य ठीक नाही, आणि ज्याला खेळात रस आहे तो कामाचा नाही. रामप्रसाद (पालेकर) आखूड कुर्ता घालून मुलाखतीला जातो आणि आखूडपणाचं समर्थन कापडबचतीने करतो. पुढे हॉकीचा सामना बघताना पकडला जातो, तेव्हा लक्ष्मणप्रसाद नावाचा बिनमिशीचा जुळा भाऊ पैदा करतो. आता इथे नीतीचा हिशेब मांडा. नायक सिनेमाभर खोटं बोलतोय, आईसुद्धा उसनी आणतोय, आणि आपली सहानुभूती शंभर टक्के त्याच्याकडे. कारण खोटं बोलल्याशिवाय नोकरी मिळू नये अशी व्यवस्था भवानीशंकरने स्वतः करून ठेवलीय. डीड्स जगाचे शब्द शब्दशः घेतो. रामप्रसाद साहेबाचा हट्ट शब्दशः घेतो आणि त्याला तोच परत पाजतो. शेवटच्या कौटुंबिक फोटोत भवानीशंकर सफाचट ओठांनी उभा असतो. भाषण नाही, माफीनामा नाही, फक्त मिशी गेलेली. संदेश बॉसच्या चेहऱ्यावर दिसतो, यापेक्षा आणखी काय हवं?

सई परांजपे यांनी 'कथा' (१९८३) मध्ये हा गोडवा जरा खरवडून बघितला. मूळ स. गो. साठ्यांचं 'ससा आणि कासव' हे मराठी नाटक. चाळीत राहणारा राजाराम पुरुषोत्तम जोशी (नसीरुद्दीन शाह) म्हणजे कासव, सगळ्यांच्या कामाला धावणारा. मित्र बाशू (फारूख शेख) म्हणजे ससा: गोड बोलून जेवण, नोकरी, मुली, सगळं पटकावणारा. चाळ राजारामला वापरते आणि बाशूवर भाळते. लहान मुलांच्या गोष्टीत ससा झोपतो म्हणून हरतो. इथला ससा मुळी झोपतच नाही, हरतही नाही. सगळ्यांना टोप्या घालून विमानाने निघून जातो. राजारामला चाळीतली संध्या मिळते, बाशूने तिला फसवून टाकून दिल्यावर. राजाराम ते सगळं ऐकूनही तिचा हात धरतो, हा त्याचा मोठेपणा आहे आणि सिनेमा तो मानतो. तरी याला विजय म्हणायचं का, हे सईबाई आपल्यावर सोडतात.

जाता जाता एक तक्रार. या सगळ्या परंपरेत आदर्शवाद हा पुरुषाचा आणि सद्सद्विवेक बाईच्या गळ्यात. 'श्री ४२०' मध्ये तर नावंच विद्या आणि माया, म्हणजे प्रेक्षकाला चुकायला वावच नको. कॅप्राकडे निदान बायका नोकरदार, तिखट जिभेच्या आणि नायकापेक्षा हुशार असतात. 'डीड्स'मधली पत्रकार त्याची खिल्ली उडवणाऱ्या बातम्या छापते आणि मग प्रेमात पडून पस्तावते. हुशारी सोडून भाबडेपणाकडे यायची वाट मात्र तिनेच चालायची. शिवाय भाबडं असणं कुणाला परवडतं, हाही प्रश्न आहेच. हिंदीतल्या मुंबईकर मध्यमवर्गी नायकांची आडनावं आठवून बघा: जोशी, शर्मा. चूक झाली तर सांभाळून घेणारं कुणीतरी त्यांच्या मागे असतं. दादांच्या नाम्याच्या मागे फक्त आये.

साचा मोडला तो दिवस

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत दोन गोष्टी घडल्या. सिमेंटच्या वाटपाचा संबंध देणग्यांशी जोडल्याच्या प्रकरणात कोर्टाने ताशेरे ओढले आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. आणि १८ तारखेला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो कधी धड मिटलाच नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' आला. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत केलेला.

विनोद आणि सुधीर हे दोन फोटोग्राफर अगदी परंपरेतले: प्रामाणिक, कडके, दुकान चालत नाही, ओठांवर 'होंगे कामयाब'. 'खबरदार' पत्रिकेची संपादक शोभा त्यांना काम देते. ही भूमिका भक्ती बर्वेंची, ज्यांना मराठी प्रेक्षक तोवर 'ती फुलराणी' म्हणून डोक्यावर घेत होता. म्हणून ती बाई भ्रष्टाचार उघड करण्याऐवजी त्याचा सौदा करतेय हे कळतं तेव्हा आपल्याला दुप्पट लागतं. बिल्डर तरनेजा, बिल्डर आहुजा, आणि अमेरिकेत पिण्याचं पाणी वेगळं, गटाराचं पाणी वेगळं असं भारावून सांगणारे कमिशनर डिमेलो. डिमेलोचा खून होतो, पूल कोसळतो, आणि प्रेत घेऊन सगळे महाभारताच्या रंगमंचावर घुसतात. तिथे डिमेलोच्या मढ्याला द्रौपदी बनवलं जातं आणि धृतराष्ट्र बिचारा पुन्हा पुन्हा विचारत राहतो की हे चाललंय काय. खुर्चीवरून पडायची वेळ येते. पण बघा, दोन्ही बाजू ओढताण करतायत ती एका प्रेतासाठी, आणि वस्त्रहरण थांबवायला निघालेला दुर्योधनही खोटाच.

मग शेवट. कॅप्राचा कोर्टसीन इथे यायला हवा होता. पुरावा आहे, नायक खरे आहेत. पण पोलीस, बिल्डर, संपादक एका खोलीत बसून समझोता करतात आणि पूल पाडल्याचा आळ या दोघांवर येतो. कैद्याच्या कपड्यांत ते मुंबईच्या रस्त्यावर येतात, पार्श्वभूमीला तेच 'होंगे कामयाब', आणि कॅमेऱ्याकडे बघून दोघं गळ्यावरून बोट फिरवतात. हसू यावेळीही फिरलं, पण आपल्याच अंगावर आलं. 'हे सगळं ठाऊक असून तुम्ही काय केलंत?' हा प्रश्न आता पडद्यावरचा कुणी विचारत नाही. त्याच कुंदन शाहांनी पुढे १९८८ मध्ये लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनला दूरदर्शनवर 'वागले की दुनिया'त घर दिलं आणि हसू पुन्हा मवाळ केलं. त्यांना दोन्ही जमत होतं.

यानंतर निरागस नायक सरळ सरळ उभा करणं अवघड झालं. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मध्ये राजकुमार हिरानींनी पेच असा सोडवला की नायकच गुंड घेतला, आणि त्याला गांधीजी दिसतात ते डोक्यातल्या 'केमिकल लोच्या'मुळे. झगडा कशासाठी, तर म्हाताऱ्यांचं घर बळकावणाऱ्या बिल्डरशी. पुन्हा जागाच! मराठीत उमेश कुलकर्णींच्या 'देऊळ' (२०११) मध्ये भोळा केश्या करडी गाय शोधताना दत्त दिसल्याचं सांगतो. गाव त्या दर्शनावर मंदिर, दुकानं, जाहिराती, राजकारण सगळं उभारतं. हसता हसता कळतं की केश्याची श्रद्धा सोडून गावात सगळंच विकायला काढलंय. शेवटी तो मूर्ती चोरून नेतो आणि नदीत सोडतो, जी गोष्ट डीड्सनेही केली असती. गाव काय करतं? दुसरी मूर्ती आणून बसवतं.